मी लिहून देते की…



‘महिन्याभरात काय काय वाचलंत ते लिहून पाठवा’ हे आपल्या अंकातलं आवाहन वाचलं आणि आधी हसूच आलं. बायकांना हा प्रश्न विचारायचा तर त्याआधी दुसरा विचारायला हवा, ‘महिन्याभरात वाचायला बसलात कधी?’ पण मग वाटलं, गेला जुलै महिना माझ्यासाठी वेगळाच गेला. त्याच्याबद्दल लिहायला हवं. लिहिताना संकोच वाटतोय, कारण त्यात घरातल्या गोष्टी येणार. पण घरातल्या गोष्टी घरातच ठेवायच्या हे आपल्याला कोणी शिकवलं, याचाही विचार आपण याच पानांवर केला आहे.

मी साठीची आहे. एका पतसंस्थेत एकतीस वर्षं कारकुनी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीत असताना घरी वाचनालयाचं कार्ड होतं, पण ते नवऱ्याच्या नावावर. पुस्तकं तेच बदलून आणायचे. त्यांना जे आवडे ते यायचं, आणि ते वाचून झालं की परत जायच्या आदल्या रात्री माझ्या हाती लागायचं. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यातच मी नगरवाचनालयात माझ्या नावाने वर्गणी भरली. ग्रंथपालांनी विचारलं, ‘घरात एक कार्ड आहे ना?’ मी म्हटलं, ‘आहे. हे माझं.’

काय वाचलं ते मी दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. जुलैचं पान समोर आहे. त्यावर तीन पुस्तकं आहेत, एक रहस्यकथा आहे, मागच्या वर्षीचा एक दिवाळी अंक आहे, आणि शेवटच्या आठवड्यात नुसतं ‘३ पानं’ असं लिहिलेलं आहे. त्या तीन पानांसाठीच हा लेख.

वेळेचं आधी सांगते. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरच्या शंभर बायकांमधल्या ८१ जणी दिवसभरात बिनमोल घरकाम करताना आढळल्या. शंभर पुरुषांमधले २६. आणि जे करतात त्यांचा वेळ पाहिला तर बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. म्हणजे आपली पाच तास. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करणं त्यात धरलेलंच नाही, ते वेगळं. हे आकडे मी वाचले ते कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतच्या वेळात. माझं बहुतेक वाचन असंच होतं. दुपारी भांडी घासून झाल्यावर ते चहाचं आधण ठेवेपर्यंत, आणि रात्री सगळे निजल्यावर. दुपारी पुस्तक हातात असताना दारावरची बेल वाजली की ते अजूनही माझ्याकडून उशीखाली जातं. साठ वर्षांची बाई, स्वतःच्या पेन्शनीतून वर्गणी भरणारी, आणि पुस्तक लपवते!

पहिल्या आठवड्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचलं. दुसऱ्यांदा. ताराबाई शिंद्यांनी बुलढाण्यात राहून लिहिलेलं हे पुस्तक १८८२ सालचं. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या बाईजातीवर जी चिखलफेक झाली, तिला ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. तरुणपणी शिबिरात हे पुस्तक वाचलं तेव्हा त्यातला संताप तेवढा जाणवला होता. या वेळी दुसरंच जाणवलं. ताराबाई लेखिका नंतर झाल्या, आधी त्या वाचक होत्या. पुरुषांनी बायकांविषयी जे जे लिहून ठेवलं होतं, पोथ्यांत, वर्तमानपत्रांत, नाटक-कादंबऱ्यांत, ते त्यांनी नीट वाचलं आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, हे लिहिलं कोणी? यात फायदा कोणाचा? जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी पुस्तक दडपलं म्हणा की दुर्लक्षित केलं म्हणा. १९७५ साली स. गं. मालश्यांनी ते पुन्हा छापेपर्यंत ते बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलीने आणून दिलेलं एक इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. निम्मंच झालं, पण त्या निम्म्याने माझी झोप घालवली. बंगालमधल्या रासशुंदरी देवींच्या आत्मकथनाचं ते भाषांतर. एकोणिसाव्या शतकातली बाई, बाराव्या वर्षी लग्न, पुढे डझनभर बाळंतपणं. बाईने वाचणं हे पाप मानण्याचा तो काळ. या बाईला एकच ध्यास, वाचता यावं. नवऱ्याची ‘चैतन्य भागवत’ची पोथी एकदा स्वयंपाकघरात ठेवलेली होती. तिने त्यातलं एक पान काढून घेतलं आणि लपवलं. थोरल्या मुलाने अक्षरं गिरवलेलं ताडपत्र असंच लपवून ठेवलं. लहानपणी मुलांच्या शाळेत बसून कानावर पडलेली अक्षरं आठवायची, ताडपत्रावरचं अक्षर पाहायचं, पोथीतल्या अक्षराशी ताडून बघायचं. चुलीपाशी, धुरात, पदराआड. असं करत करत ती वाचायला शिकली आणि पुढे तिने स्वतःचं आयुष्य लिहिलं. बंगालीतलं ते पहिलं आत्मचरित्र मानतात. उशीखाली पुस्तक लपवणाऱ्या मला त्या रात्री फार लाज वाटली आणि फार आधारही वाटला.

तिसरं पुस्तक बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणच्या बेबीताई. छोटं किराणा दुकान चालवायच्या. माल बांधून द्यायला जी रद्दी येई, तिच्यातले कागद त्या वाचायच्या. गल्ल्यावर बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. असं वर्षानुवर्षं. पुढे ते लेखन ‘स्त्री’ मासिकात आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. रासशुंदरी देवी उच्च जातीतली जमीनदारीण, बेबीताई महारवाड्यात वाढलेल्या. दोघींच्या लपवण्यात फरक आहे, हे विसरून चालणार नाही. रासशुंदरीच्या घरात पोथी तरी होती. बेबीताईंच्या माणसांना गावाने पोथीच्या जवळपासही येऊ दिलं नव्हतं. तिथे वाचणं आलं ते आंबेडकरी चळवळीबरोबर, साऱ्या समाजाचं मिळून. म्हणून तर पुस्तकाचं नाव ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे.

या नावांनी मला विचारात पाडलं. १९१० साली रमाबाई रानड्यांनी लिहिलं त्या पुस्तकाचंही नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. तिथलं ‘आमच्या’ म्हणजे नवऱ्याच्या आणि त्यांच्या. ज्या घरात त्यांना वाचायला शिकल्याबद्दल घरातल्याच बायकांचे टोमणे खावे लागले, त्या घरातली ही बाई आपल्या आठवणीसुद्धा एकटीच्या म्हणू शकत नाही, किंवा म्हणू इच्छित नाही. बेबीताईंचं ‘आमुचं’ वेगळं, तिथे बाई आपल्या माणसांच्या वतीने उभी राहते. शांताबाई कांबळे मात्र सरळ ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ म्हणतात. बाईने ‘मी’ लिहायचं म्हणजे काय काय पार करून यावं लागतं!

मध्यंतरी बाबुराव अर्नाळकरांची एक रहस्यकथाही वाचली. ती वाचताना काही शिकायचं नव्हतं आणि काही शिकलेही नाही. पण तिनेही वाचनाची एक चांगली सवय अंगात आणली. जे अगदी सरळ दिसतंय त्यात काहीतरी आहे, असं समजून वाचायचं. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंग लावून वाचला. मुंगीएवढी अक्षरं. ज्याने वाचू नये त्याच्यासाठीच छापल्यासारखी.

आणि मग ती तीन पानं आली.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. वडील २०२२ साली गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे आई, धाकटा भाऊ आणि मी. सव्वातीन एकर ऊस. काही आजोबांकडून आलेली जमीन, काही वडिलांनी घेतलेली. जुलैच्या शेवटी भावाने मोबाईलवर कागदाचे फोटो पाठवले आणि पाठोपाठ फोन केला. ‘आक्का, हक्कसोडपत्र करून घेतोय. आईची सही घेतलीय. राखीपौर्णिमेला तू येशीलच, तवा तुझीबी होऊन जाईल. दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या ऑफिसात जाऊन येऊ.’ मी म्हटलं, ‘वाचते आणि सांगते.’ तो खरोखरच चकित झाला. ‘वाचायचं काय त्यात? वकिलांनी लिवलंय. तू नुसती सही कर.’

त्याच्या आवाजात कपट नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्या लिखाणात भाऊ म्हटला की लबाड रंगवायची घाई होते. माझा भाऊ कष्टाळू आहे. वडिलांचं आजारपण त्याने आणि भावजयीने काढलं. ठिबकासाठी कर्ज काढायचं तर सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर असला की सोपं, असं त्याला वाटतं. बहिणीने सही करायची असते, एवढंच त्याला माहीत. गावात सगळ्यांच्या बहिणींनी केली. बदल्यात साडीचोळी मिळते आणि माहेर राहतं.

मी ती तीन पानं छापून आणली आणि स्वयंपाकघरात बसून वाचली. वर ‘लिहून घेणार’ म्हणून भावाचं नाव, ‘लिहून देणार’ म्हणून आईचं आणि माझं. आणि मग मजकूर सुरू होतो, ‘मी लिहून देते की…’

महिनाभर मी बायकांचा ‘मी’ वाचत होते. चुलीआडून, गल्ल्यावरून, रद्दीच्या कागदातून वाट काढत आलेला ‘मी’. आणि आता समोर हा ‘मी’. माझ्या नावाचा, माझ्या वतीने बोलणारा. त्यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नाही. हा ‘मी’ म्हणतो की माझ्या लग्नात वडिलांनी ऐपतीप्रमाणे खर्च केला असून मला माझा वाटा पोचला आहे. हा ‘मी’ म्हणतो की मी सासरी सुखात असून मला या मिळकतीची गरज नाही. हा ‘मी’ म्हणतो की बंधुप्रेमापोटी, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता मी हे लिहून देत आहे. आणि शेवटी, सहीच्या अगदी वर, हा ‘मी’ म्हणतो की सदर दस्त मी वाचून, समजून घेऊन, तो बरोबर असल्याची खात्री करून सही केली आहे.

‘वाचायचं काय त्यात’ असं भाऊ म्हणाला होता. कागद म्हणतो, वाचलं आहे.

मला ताराबाई आठवल्या. हे लिहिलं कोणी? यात फायदा कोणाचा? एरवी मी हा कागद बँकेच्या फॉर्मसारखा वाचला असता. मोकळ्या जागा कुठे आहेत तेवढं पाहिलं असतं. एकतीस वर्षं मी तेच केलं. पतसंस्थेत कर्जाच्या कागदांवर मी फुल्या मारून द्यायची आणि म्हणायची, ‘बाई, इथं, इथं आणि इथं.’ एक बाई मला विसरता येत नाही. दिरासाठी जामीन राहिली होती. कर्ज थकलं, तिला नोटीस गेली, ती नोटीस घेऊन खिडकीशी आली. ‘मी कधी लिहून दिलं?’ मी फाइल काढून तिला तिचीच सही दाखवली. म्हटलं, ‘ही तुमचीच ना?’ ती म्हणाली, ‘सही माझी हाय. पण वरचं कोणाचं?’ त्या वेळी मला तो अडाणीपणा वाटला. आज वाटतं, तिच्याइतकं बरोबर कोणीच बोललं नव्हतं.

कायदा मी जो समजून घेतला तो थोडक्यात देते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या घरी असे कागद येणार आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या वाट्याच्या मिळकतीत मुलगा, मुलगी आणि विधवा यांना सारखा हिस्सा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्माने हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलून तो मुलींना दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी ज्यांची लग्नं झाली त्यांना वगळलं. माझं लग्न १९८८ चं. त्या कायद्याच्या सभा झाल्या, पेढे वाटले, मी त्यात बसत नव्हते. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची ती अट गेली. तरीही ‘वडील त्या दिवशी हयात होते का’ यावर वाद चालू राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. सरकारी विधी सेवा केंद्रातून मोफत वकील मिळण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. मी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन तो घेतला. तिथल्या वकीलबाईंनी एकच वाक्य सांगितलं, ‘नोंदवलेलं हक्कसोडपत्र म्हणजे दार ओढून घेणं, पुन्हा उघडायचं तर कोर्टाची पायरी.’

राखीपौर्णिमेला मी माहेरी गेले. राखी बांधली. संध्याकाळी आईजवळ बसले. आई ऐंशीच्या पुढची. नव्वदच्या दशकात गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ती रात्री कंदील घेऊन जायची. अंगठा सोडून सही करायला शिकली. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं त्याची पाटी तिने आठवडाभर पुसली नव्हती. पण पुढे वर्ग बंद पडले आणि तिची साक्षरता नावापाशीच थांबली. त्या नावाचा उपयोग आता कशाला झाला होता ते माझ्या हातातल्या कागदावर दिसत होतं. तीनही पानांच्या खाली तीच थरथरती, कष्टाने काढलेली अक्षरं.

मी तिला विचारलं, ‘आई, यात काय लिहिलंय माहीत आहे?’ ती म्हणाली, ‘जमिनीचा कागद हाय. त्यो म्हणला कर, मी केली.’ मी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला. भाऊ तिथेच बसला होता. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. वाचताना मध्येच आईने थांबवलं. ‘म्हंजी माझं नावबी जाणार व्हय?’ मी म्हटलं, ‘हो.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘एवढं समदं लिवलंय व्हय त्यात? आन मी म्हणलेय असं?’

भाऊ उठून बाहेर गेला. मी त्याला नंतर एवढंच म्हटलं, ‘आधी तलाठ्याकडे आपल्या तिघांची वारस म्हणून नोंद होऊ दे. कर्जाच्या कागदावर मी तुझ्याबरोबर उभी राहीन. उद्या मला काही सोडायचं वाटलं तर मी सोडीन, पण ते माझ्या हाताने लिहून. जे माझ्या नावावर लागलंच नाही ते मी सोडू कशी?’ तो म्हणाला, ‘लोक काय म्हणतील, बहिणीनं वाटणी मागितली.’ मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी भावजयीने मला एसटीपर्यंत सोडलं. वाटेत ती काही बोलली नाही, फक्त गाडी आल्यावर म्हणाली, ‘माझ्या भावानंबी असाच कागद पाठवला होता. मी दिला करून.’ भावाचा फोन त्यानंतर आलेला नाही. लेख पाठवते आहे त्या दिवसापर्यंत तरी नाही. मला त्याचं दुःख आहे. रात्री झोप लागत नाही, आणि हे लपवून ‘मी लढले, जिंकले’ असं लिहिलं तर तो पुन्हा खोटा ‘मी’ होईल.

अजून एक खरं सांगायचं राहिलं. माहेरचा कागद वाचता वाचता मला माझ्या सासरचा सातबारा आठवला. त्यावर माझ्या नणंदेचं नाव नाही. १९९६ साली सासरे गेल्यावर तिने हक्कसोडपत्र दिलं. त्या दिवशी पुरणपोळ्या मी केल्या होत्या, तिची साडी मी निवडली होती. तिने कागद वाचला होता का, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तेव्हाही मी मोर्चांना जात होते. घरी परतल्यावर नवऱ्याला हे बोलून दाखवलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, ‘जुनं झालं ते.’ मी नणंदेला फोन केला. वन्सं म्हणाल्या, ‘आता एवढ्या वर्षांनी कशाला गं?’ पण फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, ‘त्या कागदाची नक्कल मिळते का?’ मिळते. अर्ज केला आहे. नक्कल आल्यावर दोघी मिळून वाचणार आहोत. त्यातून काय निघेल ते आज मी सांगू शकत नाही.

आपल्या मंडळात नेहमी एक वाद होतो. काही मैत्रिणी म्हणतात, बायकांनी आता कथा-कादंबऱ्या पुरे कराव्यात, कायदे वाचावेत, हक्क समजून घ्यावेत. दुसऱ्या म्हणतात, बाईला जन्मभर उपयोगाचंच काम असतं, निदान वाचन तरी निव्वळ आनंदाचं असू द्या. मी आजवर दुसऱ्या बाजूची होते. या महिन्याने मला वाटायला लागलं की हा वादच चुकीचा आहे. नुसता कायदा वाचला असता तर मला हिस्सा किती ते कळलं असतं. पण त्या तीन पानांतला ‘मी’ माझा नाही, हे मला कायद्याने सांगितलं नसतं. ते ताराबाईंनी सांगितलं, बेबीताईंनी सांगितलं. आणि नुसती आत्मचरित्रं वाचून मी गहिवरले असते, राखीला गेले असते आणि जिथे फुली असेल तिथे सही करून आले असते. दोन्ही वाचनं एकाच बाईने, एकाच महिन्यात करायला हवीत.

म्हणून एक सूचना. आपल्या प्रत्येक गटाने महिन्यातून एक दिवस ‘कागद वाचन’ ठेवावं. पुस्तकाचं एक प्रकरण वाचायचं आणि त्यानंतर एखादीने घरातला कोणताही एक कागद आणायचा. सातबारा, बचत गटाच्या कर्जाचा करार, दवाखान्यात ऑपरेशनआधी सही घेतात तो कागद, विम्याची पॉलिसी, घराची करपावती. तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायचा. जिला वाचता येत नाही तिलाही ऐकून प्रश्न विचारता येतात. माझ्या आईने विचारलेला प्रश्न कोणत्याही वकिलाने विचारला नव्हता. यात खर्च नाही, व्याख्याता बोलवावा लागत नाही. लागतो तो एक तास, आणि तो त्या २९९ मिनिटांतून ओढून काढावा लागणार आहे, हे मला ठाऊक आहे.

साक्षरतेच्या मोहिमांनी आपल्या आयांना सही शिकवली, ही लहान गोष्ट नव्हती. पण सही येते आणि वाचता येत नाही ही अवस्था अंगठ्यापेक्षा धोक्याची आहे. अंगठा निदान सांगतो तरी की या बाईने वाचलेलं नाही.

दिनदर्शिकेचं पान उलटलं आहे. रासशुंदरी देवींचं निम्मं पुस्तक राहिलं आहे ते पुरं करायचं आहे. आता पुस्तक उशीखाली जात नाही, बेल वाजली तर मी ते हातात घेऊनच दार उघडते. तुमच्या घरात कोणते कागद तुमच्या नावाने ‘मी’ म्हणताहेत ते एकदा शोधा, वाचा आणि मला जरूर कळवा.

तुमची,
एक वाचक मैत्रीण